बोन्सायसाठी रंगीत जपानी मेपल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाल, केशरी, गुलाबी पालवीच्या जपानी मेपलबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. महिन्यांची नावं मुद्दाम टाळलीयेत, कारण वसंत प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेळी येतो. झाडाकडे बघून ठरवायचं, कॅलेंडरकडे बघून नाही.

जपानी मेपल म्हणजे नक्की कुठलं झाड?

बोन्सायमधे जपानी मेपल म्हटलं की बहुतेक वेळा एसर पामेटम. जपानमधे त्याला इरोहा मोमिजी म्हणतात. पानाला साधारण सात बोटं असतात आणि ती मोजताना मुलं जपानी मुळाक्षरं म्हणायची, इ-रो-हा-नि-हो-हे-तो, म्हणजे आपण अ आ इ ई म्हणत मोजावं तसं. मेपलसाठी दुसरा शब्द काएदे, तो 'बेडकाचा हात' या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलाय, आणि पान तळहातावर ठेवून बघितलं की ते लगेच पटतं. एदो काळापासून (१६०३ ते १८६८) तिथल्या माळ्यांनी वेगळ्या रंगाची, वेगळ्या पानाची रोपं निवडून त्यांना नावं द्यायला सुरुवात केली, आज नाव असलेल्या व्हरायटी हजाराच्या वर आहेत. ट्रायडेंट मेपल, म्हणजे तीन बोटांच्या पानाचं एसर बुएर्गेरियानम, ही वेगळी जात आहे, तिचे नियमही थोडे वेगळे आहेत आणि इथलं सगळं तिला जसंच्या तसं लावू नका.

पहिलं झाड घ्यायचंय, कुठली व्हरायटी घेऊ?

लाल पालवी हवी असेल तर देशोजो किंवा शिन-देशोजो. शोजो म्हणजे जपानी दंतकथेतला लाल केसांचा एक प्राणी, त्यावरून हे नाव. 'शिन' म्हणजे नवा, आणि शिन-देशोजोचा लाल जरा जास्तच झळझळीत असतो. वसंतात आठ-दहा दिवस हे झाड असं पेटल्यासारखं दिसतं की बाजूचं काही नजरेत भरत नाही. मग हळूहळू हिरवं होतं, आणि पानगळीच्या आधी परत लाल-केशरी. सेइगेनचा लाल जास्त मऊ, गुलाबीकडे झुकणारा, पान पातळ, पण झाड नाजूक आहे, पहिलं झाड म्हणून मी सुचवणार नाही. पिवळा-केशरी हवा असेल तर कात्सुरा, पालवी जर्दाळूच्या रंगाची आणि कडेला किंचित लालसर.

रंगापेक्षा ठेवण महत्त्वाची वाटत असेल तर कियोहिमे आणि शिशिगाशिरा बघा. कियोहिमेचं पान बारीक, फुटवे दाट, पण ते आडवं पसरतं आणि शेंडा कमजोर असतो. बाकी मेपलचा शेंडा आपण दाबतो, हिचा शेंडा जपावा लागतो आणि खालच्या फांद्या दाबाव्या लागतात, हे उलटं गणित लक्षात नाही घेतलं की दोन-तीन वर्षांत वरचा भाग वाळतो. शिशिगाशिरा म्हणजे सिंहाचं डोकं. पानं चुरगळल्यासारखी, गच्च, वाढ सावकाश, आणि पानगळीच्या आधीचा सोनेरी-केशरी रंग बाकीच्यांच्या मागून येतो. अराकावा हिरवीच असते पण साल वयाबरोबर खडबडीत, भेगाळलेली होते, ज्याला जुनाट बुंधा आवडतो त्याने ती जरूर घ्यावी.

आता नर्सरीत सगळ्यात सहज मिळणारी दोन: ब्लडगुडसारखी गडद लाल मोठ्या पानाची, आणि डिसेक्टम म्हणजे झालरीसारख्या चिरलेल्या पानाची. बागेत दोन्ही सुंदर. बोन्सायला ब्लडगुडचं पान मोठं आणि दोन पेरांमधलं अंतर लांब, त्यामुळे लहान कुंडीत ते प्रमाणात बसत नाही. डिसेक्टमची वाढ लोंबती, आणि बहुतेक झाडं उंचावर कलम केलेली असतात. सांगो-काकूच्या पोवळ्यासारख्या लाल काड्या थंडीत फार मोहक दिसतात, पण तो रंग कोवळ्या काड्यांचा आहे, बुंधा जुना झाला की फिका पडतो, आणि आतल्या बारीक काड्या वाळायची सवय आहे. हौस म्हणून घ्या, मुख्य झाड म्हणून नको.

देशोजोचं बी लावलं तर देशोजो उगवेल का?

नाही. बियाणं परागीभवनातून तयार होतं, आईबापाचे गुण मिसळतात, त्यामुळे प्रत्येक रोप वेगळं. लाल आईच्या बियांतून काही रोपं लालसर निघतात, काही सुंदरही निघतात, पण त्यांना देशोजो म्हणता येणार नाही. तीच व्हरायटी हवी तर गुटी (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून घेणं), कटिंग किंवा कलम, हे तीनच मार्ग आहेत. आणि ऑनलाइन 'निळ्या मेपलच्या बिया', 'इंद्रधनुषी मेपलच्या बिया' असे फोटो दिसतात ना, तसलं झाड अस्तित्वातच नाही, फोटोत रंग भरलेला असतो. कृपया पैसे घालवू नका.

मग बी लावायचंच नाही का?

लावा की! कलमासाठी खुंट रोपं, म्हणजे ज्यांच्यावर दुसरी काडी जोडतात ती, बियांपासूनच मिळतात, आणि शेकडो रोपांतून पहिल्या वसंतात रंग बघून निवडण्यात जी मजा आहे ती विकतच्या झाडात नाही. पंख असलेलं बी हिरव्यावरून तपकिरी व्हायला लागलं की झाडावरूनच काढा आणि सुकू न देता लगेच ओलसर मॉस (शेवाळ) किंवा व्हर्मिक्युलाइटमधे (ओल धरणारे हलके खनिज दाणे) घालून प्लास्टिकच्या पिशवीत फ्रिजमधे ठेवा, ४ अंशांच्या आसपास, ९० ते १२० दिवस. ही थंडी मिळाल्याशिवाय आतला अंकुर जागा होत नाही. वाळलेलं, विकत घेतलेलं बी असेल तर आधी कोमट पाण्यात एक दिवस भिजवा, तरी त्याचं कवच कडक झालेलं असतं आणि काही बिया दुसऱ्या वर्षी उगवतात, म्हणून ट्रे लगेच रिकामा करू नका. पिशवीत मुळाचा पांढरा ठिपका दिसला की लावायची वेळ झाली.

कलमी झाड घेतलं, पण जोडापाशी गाठ आलीये. काही उपाय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्याही पहिल्या देशोजोचं हेच झालं होतं. खालचा खुंट साध्या पामेटमचा, वर दुसरी व्हरायटी, दोघांची जाड होण्याची गती वेगळी, सालीचा रंग वेगळा. पाच-सहा वर्षांत जोड फुगून बाटलीच्या गळ्यासारखा दिसायला लागतो. बागेतल्या झाडाला चालतं, बोन्सायमधे नजर बरोब्बर तिथेच जाते, कारण बुंध्याचा खालचा चार बोटांचा भाग आणि बाहेर दिसणाऱ्या मुळ्या हाच झाडाचा पाया असतो. कापून, तासून, वायर लावून ती गाठ जात नाही. उपाय एकच, जोडाच्या वर गुटी बांधायची आणि वरचा भाग त्याच्या स्वतःच्या मुळांवर वेगळा करायचा. खाली उरलेला खुंट टाकायचा नाही, त्याला फुटवे येतात आणि एक साधं हिरवं मेपल फुकटात मिळतं.

खरं तर माझं स्पष्ट मत आहे की बोन्सायसाठी रंगीत मेपल स्वतःच्या मुळांवरच असावं. कलमी झाड हे कच्चा माल म्हणून घ्यायचं, गुटीसाठी.

गुटी कलम नक्की कसं करायचं? सगळं सांगा.

आधी त्यामागचं कारण समजून घ्या म्हणजे चुका होणार नाहीत. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, आणि पानांत तयार झालेली साखर सालीतून खाली उतरते. आपण सालीची एक बांगडी काढली की पाणी चढत राहतं, पानं हिरवी राहतात, पण साखर आणि झाडाचं स्वतःचं संप्रेरक वरच्या काठाला येऊन अडतं, आणि तिथे ओलावा आणि अंधार मिळाला की मुळं फुटतात. म्हणजे मुळं पानांच्या कमाईवर येतात. म्हणून गुटीच्या आधी झाड छाटायचं नाही, जितकी पानं जास्त तितकं बरं.

वेळ: वसंतातली पहिली पालवी पूर्ण उघडून टणक झाली की. पान बोटांत धरलं तर मऊ फडक्यासारखं नाही, कागदासारखं लागलं पाहिजे. त्याआधी केलं तर झाडाकडे साठा नसतो, फार उशिरा केलं तर थंडीआधी मुळं पुरेशी होत नाहीत.

धारदार, स्पिरिटने पुसलेल्या चाकूने दोन गोल चिरा द्या. मधलं अंतर बुंध्याच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे २ सेंटीमीटरचा बुंधा असेल तर ३ ते ४ सेंटीमीटर. वरची चीर अगदी सरळ आणि एका पातळीत हवी, कारण उद्याच्या मुळ्या बरोबर त्याच रेषेवर येणार आहेत, चीर तिरकी गेली तर मुळ्याही तिरक्या. साल सोलली की खाली ओलसर, निसरडा, हिरवट थर लागतो, तो चाकूच्या पाठीने खरवडून पांढरं लाकूड कोरडं लागेपर्यंत काढा. ही पायरी लोक भराभर उरकतात आणि तिथेच फसतात. त्या थराची एक रेघ जरी राहिली तरी झाड त्या पुलावरून साल जोडून घेतं आणि मुळं येतच नाहीत.

मग वरच्या काठाला रूटिंग हार्मोनची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी पावडर, त्यावर भिजवून घट्ट पिळलेलं लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस दोन्ही मुठींत मावेल एवढं, त्यावर प्लास्टिक, खाली-वर बांधून टाका. वरची गाठ थोडी सैल ठेवली की सिरिंजने पाणी घालता येतं. वरून अॅल्युमिनियम फॉइल किंवा काळं प्लास्टिक, अंधारही होतो आणि फॉइलमुळे ऊनही परततं. मॉस ओलं हवं पण थबथबीत नको, नाहीतर साल कुजते.

सहा ते दहा आठवडे धीर धरायचा. माझ्या त्या देशोजोची फॉइल मी नवव्या आठवड्यात उघडली तेव्हा प्लास्टिकच्या आतून पांढऱ्या मुळ्या मॉसमधून बाहेर येऊन चक्क काचेवर धावल्यासारख्या पसरल्या होत्या, टोकं थोडी लालसर. तरी लगेच कापलं नाही. पहिल्या पांढऱ्या मुळ्या फार ठिसूळ असतात, हात लागला की मोडतात. त्या जरा तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू द्या, आणखी दोन-तीन आठवडे, मग मॉसच्या खालून करवतीने कापा. मॉस उपटून काढायचा मोह टाळा, तसंच कुंडीत ठेवा, झाड दोरीने कुंडीला घट्ट बांधा कारण हललं की मुळ्या तुटतात, आणि दोन-तीन आठवडे सावलीत. पुढच्या वसंतात मॉस काढायचं, खाली जाणाऱ्या मुळ्या कापायच्या, चहूबाजूंनी आडव्या पसरवायच्या आणि बुंध्याखाली एक चपटी फरशी किंवा लाकडी चकती ठेवायची म्हणजे पाया सपाट आणि रुंद होत जातो. इतका गोल, एकसारखा मुळांचा पसारा बाकीच्या पद्धतींनी क्वचितच मिळतो.

दहा आठवडे झाले, मुळं नाहीत, नुसती गाठीसारखी सूज आहे.

सूज हे चांगलं लक्षण आहे, त्याला कॅलस म्हणतात, झाड कामाला लागलंय. वरच्या काठाला नुसतीच गोल चुंबळ झाली असेल तर तिला चाकूने उभ्या बारीक चिरा द्या, परत हार्मोन लावा, नवीन मॉस बांधा. खालून साल वाढून वर जोडली गेली असेल तर ती परत काढा आणि अंतर वाढवा. आणि पानगळ जवळ आली तरी मुळं नसतील तर कापू नका, मॉस तसंच ठेवून कडक गारठ्यापासून जपा, बरेचदा पुढच्या हंगामात काम पूर्ण होतं.

कटिंगपासून होतं का? लोक म्हणतात मेपलचं कटिंग लागतच नाही.

लागतं. मुळं फुटण्यापर्यंत तसं कठीण नाहीच, कठीण आहे ते पहिली थंडी पार करणं. पहिल्या पालवीचे शेंडे बुडाशी जरा ताठ व्हायला लागले की दोन-तीन पेरांचे तुकडे घ्या, ८ ते १० सेंटीमीटर. झाड तरुण असेल तर लवकर लागतं, जुन्या झाडाच्या काड्या हट्टी असतात. खालची पानं काढा, वरच्या जोडीची पानं अर्धी कापा, बुडाची एका बाजूची साल बोटभर खरवडा, हार्मोन लावा आणि परलाइट-कोकोपीटसारख्या स्वच्छ, भुसभुशीत माध्यमात खोचा. वरून पारदर्शक झाकण, थेट ऊन नाही पण उजेड भरपूर, तापमान २० ते २५ अंश. पडलेलं पान रोज उचला, बुरशी तिथूनच सुरू होते. चार ते आठ आठवड्यांत मुळं येतात.

पहिल्या वर्षी माझी बरीचशी काडी मुळं धरून बसली, मी आनंदाने प्रत्येक काडी उपटून वेगळ्या कुंडीत लावली, आणि पुढच्या वसंतात त्यातली जवळपास एकही फुटली नाही. डोळे हिरवे, काडी हिरवी, पण उघडायची ताकदच नाही. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. कटिंग शक्य तितकं लवकर घ्यायचं, म्हणजे मुळं आल्यावर त्याच हंगामात एक नवा फुटवा येतो आणि मुळांत साठा होतो. आणि पहिल्या थंडीआधी हलवायचं अजिबात नाही, त्याच ट्रेमधे, गोठणार नाही अशा थंड जागी ठेवायचं आणि पुढच्या वसंतात डोळे फुगताना सुटं करायचं. कियोहिमेसारख्या बारीक पानाच्या व्हरायटी आणि देशोजो कटिंगने बऱ्यापैकी येतात. पांढऱ्या-गुलाबी पट्ट्यांच्या व्हरायटींना हिरवा भागच कमी, त्यामुळे त्यांचं कटिंग लागलं तरी दमतं.

मग स्वतः कलम करायचं कधी?

एखादी दुर्मिळ व्हरायटी मिळाली आणि हातात दोनच काड्या आहेत, तेव्हा. पेन्सिलएवढ्या जाडीचं दोन वर्षांचं खुंट रोप थंडीच्या शेवटी थोडं उबेत आणायचं, मुळांची टोकं पांढरी दिसली की ते जागं झालं. काडी मात्र झोपलेलीच हवी, एक वर्षाची, डोळ्यांच्या दोन जोड्या असलेली. खुंटाच्या बाजूला, जितकं खाली जमेल तितकं, तिरका काप घेऊन काडी बसवायची, आणि सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूला हिरव्या थराला टेकला पाहिजे, नाहीतर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. टेप गुंडाळून दमट ठेवायचं. खुंटाचा शेंडा एकदम उडवायचा नाही, काडी वाढायला लागली की टप्प्याटप्प्याने कमी करायचा.

आणि एक कलम प्रत्येक बोन्सायवाल्याला यायलाच हवं ते म्हणजे थ्रेड ग्राफ्ट. जिथे फांदी हवी तिथे बुंध्याला आरपार भोक पाडायचं, त्याच झाडाची लांब बारीक काडी डोळे फुगायच्या आधी त्यातून ओवायची, दोन्ही तोंडं पेस्टने बंद. काडी मूळ झाडाला जोडलेलीच असते, त्यामुळे ती मरायची भीती जवळपास नाही. बाहेर पडणारी बाजू आत शिरणाऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट जाड दिसली, साधारण एक-दोन वर्षांत, की मागचा भाग कापा. व्हरायटी तीच, साल तीच, जोड दिसतही नाही.

घेताना लालभडक होतं, आता हिरवं झालंय. फसवलं गेलं का?

बहुतेक नाही. देशोजो, सेइगेन, कात्सुरा यांचा रंग वसंतापुरताच असतो. कोवळ्या पानात अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं, पान मोठं होताना हरितद्रव्य वाढतं आणि लाल झाकलं जातं. झाडाचं पोट त्या हिरव्यावरच भरतं, तेव्हा ते हिरवं होणं चांगलंच आहे.

पण वसंतातच रंग फिका असेल तर कारणं दोन. एक, सावली जास्त, लाल रंगाला उजेड लागतो. दुसरं, पालवी फुटतानाच नायट्रोजनचं खत दिलं. तयार झाडाला पहिली पानं टणक होईपर्यंत खत देऊच नका, रंगही चांगला राहतो आणि पेरंही आखूड राहतात. जे झाड अजून जाड करायचंय त्याला मात्र खत भरपूर, तिथे रंगाचा विचार बाजूला ठेवा. पानगळीआधीच्या रंगासाठी स्वच्छ ऊन आणि थंड रात्री लागतात, आणि मुख्य म्हणजे तोपर्यंत पानं शाबूत लागतात. उन्हाळ्यात होरपळलेलं झाड रंग दाखवत नाही.

पानांच्या कडा तपकिरी होतायत. कुठलं औषध मारू?

कुठलंच नको. मेपलच्या जळक्या कडा बहुतेक वेळा रोग नसतो, पानाने जितकं पाणी गमावलं तितकं मुळांना पुरवता आलं नाही, एवढंच. दुपारचं ऊन, कोरडा वारा, एखाद दिवस वाळलेली कुंडी, किंवा क्षारयुक्त पाणी आणि जादा खतामुळे मातीत साठलेले क्षार. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली, वाऱ्याला आडोसा, जमेल तेव्हा पावसाचं पाणी, आणि अधूनमधून कुंडीच्या तळातून धो धो वाहेल इतकं पाणी घालून क्षार धुवून काढणं. जळलेली कड परत हिरवी होत नाही, पण अर्ध पान तरी काम करत असतं, तोडू नका. आणि हो, पानं कमी झालेलं झाड पाणी कमी पितं, घाबरून जास्त पाणी घातलं की मुळं कुजतात.

पांढऱ्या-गुलाबी पानांच्या उकिगुमोला एक पूर्ण हिरवी, जोमदार फांदी आलीये, छान वाटतेय. ठेवू का?

कापा, आजच. उकिगुमो म्हणजे तरंगते ढग, फिकट पानांवर पांढरे-गुलाबी शिंतोडे. हिरव्या फांदीत हरितद्रव्य जास्त, ती जास्त कमावते, दोन-तीन वर्षांत सगळं झाड तिचंच होतं. बुडापासून काढायची, खुंटी ठेवायची नाही. नेमकी उलट, पूर्ण पांढरी फांदीही टिकत नाही, ती बाकीच्यांच्या जिवावर जगते.

माती कशी हवी, आणि कुंडी कधी बदलायची?

पाणी झटकन खाली जाईल पण दाण्यात ओल राहील अशी, किंचित आम्लधर्मी, पीएच ५.५ ते ६.५. अकादामा (जपानी दाणेदार चिकणमाती), प्यूमिस आणि लाव्हा (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचे दाणे) यांचं मिश्रण सगळ्यात प्रचलित, अकादामा नसेल तरी दाणेदार, चाळून धूळ काढलेलं काहीही चालतं. बागेची चिकट माती नको. तरुण झाडाची कुंडी एक-दोन वर्षांनी, जुन्याची तीन ते पाच वर्षांनी. वेळ म्हणजे डोळे फुगून त्यांच्या खवल्यांमधे रंगाची बारीक रेघ दिसते तेव्हा, पान उघडायच्या आधी. पान उघडल्यावर मुळं छाटली तर झाड फार मागे जातं.

शेंडे खुडायचे म्हणजे नक्की काय खुडायचं?

डोळा उघडतो तेव्हा आधी पानांची एक जोडी बाहेर येते, मिटलेल्या छत्रीसारखी. ती जरा बाजूला झाली की मधोमध तांदळाच्या कणीएवढा कोंब दिसतो, तो चिमट्याने काढायचा. तेवढंच. एक दिवस उशीर झाला की तो लांब कांडं टाकून मोकळा होतो. पण हे फक्त तयार झाडासाठी, जिथे बारीक फांद्यांची जाळी करायचीय. बुंधा किंवा फांदी जाड करायची असेल तर शेंडे मोकळे सोडा, वाढू द्या, नंतर छाटा. वाढत्या झाडाचे शेंडे वर्षानुवर्षं खुडत बसल्यामुळे काडीएवढाच राहिलेला बुंधा मी बऱ्याच जणांकडे बघितलाय.

मेपलचे डोळे समोरासमोर जोडीने असतात, म्हणून कापताना एका जागी दोनच फांद्या ठेवायच्या, तीन-चार झाल्या की तिथे गाठ येते. मोठे काप थंडीच्या अगदी शेवटी घेऊ नका, रस चढायला लागलेला असतो आणि थेंब थेंब गळत राहतो. वायर लावलीत तर दर आठवड्याला बघा, साल पातळ आहे, खूण लगेच उठते आणि वर्षानुवर्षं जात नाही.

सगळी पानं काढली तर परत लाल पालवी येते म्हणे?

येते, आणि देशोजोवर हे मुद्दाम केलं जातं, उन्हाळ्याच्या सुरुवातीला देठ ठेवून पानं कापली की काही आठवड्यांत दुसरी लाल पालवी. पण ही उधारी आहे. झाडाने पहिली पानं साठ्यातून काढली, दुसरीही साठ्यातूनच काढणार. त्यामुळे निरोगी, जोमदार, त्या वर्षी कुंडी न बदललेलं झाड असेल तरच, आणि लागोपाठ दरवर्षी नाही. सेइगेनवर तर मी करतच नाही. त्यापेक्षा प्रत्येक जोडीतलं एक पान काढणं सोपं आणि सुरक्षित, आत ऊन पोचतं आणि आतले डोळे जिवंत राहतात.

टोकियोच्या उएनोमधलं कोकुफू हे बोन्सायचं सगळ्यात मानाचं प्रदर्शन, १९३४ पासूनचं, ते ऐन थंडीत, फेब्रुवारीत भरतं. तिथे मेपल बिनपानाचे मांडलेले असतात. मुळ्या, बुंधा आणि केसासारख्या बारीक होत गेलेल्या फांद्या, बस. रंगीत व्हरायटी करणाऱ्याने तिथले फोटो जरूर बघावेत.

थंडी नसेल तर जगेल का? घरात ठेवलं तर?

घरात नाही. हे बाहेरचंच झाड आहे, एसीच्या गारव्याचा त्याला उपयोग नाही. पानगळीनंतर काही आठवडे साधारण ७ अंशांच्या खालची थंडी मिळाली तरच डोळे नीट उघडतात. ती नाही मिळाली तर पहिल्या वर्षी फारसं कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पालवी उशिरा, तुटक, फिकट येते आणि झाड हळूहळू खचतं. कायम उष्ण हवामानात रंगीत मेपल सांभाळणं झाडावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. उलट फार कडक गारठ्यात फांद्या टिकतात पण कुंडीतली मुळं गोठतात, तेव्हा तापमान उणे ५ च्या खाली जाणार असेल तर कुंडी जमिनीत पुरा किंवा आडोशाला, अंधाऱ्या थंड जागी ठेवा.

एक फांदी अचानक सुकली, बाकी झाड ठीक आहे. काय असेल?

आधी ती फांदी कापून आडवा छेद बघा. लाकडात काळपट-हिरवट ठिपके किंवा वलय दिसलं तर व्हर्टिसिलियम, मातीतून येणारी मर. त्याला औषध नाही. फांदी निरोगी लाकडापर्यंत कापा, अवजार प्रत्येक कापानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा, ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत वापरू नका आणि त्या झाडाची गुटी किंवा काडी कुणाला देऊ नका. ओल्या, थंड वसंतात कोवळे शेंडे काळे पडले तर तो बहुधा जिवाणूंचा प्रकार, कोरड्या दिवशी खाली कापा आणि पावसापासून आडोसा द्या. शेंड्यावर मावा आला तर पाण्याचा फवारा किंवा साबणाचं पाणी पुरतं. पानांवर पांढरी भुरी आली तर हवा खेळती करा. कुंडीतलं झाड हलवल्यावर डगमगायला लागलं तर मात्र लगेच उपसून बघा, भुंगेऱ्याच्या पांढऱ्या अळ्या मुळं खात असतात आणि वरून काहीच दिसत नाही.

किती वर्षं लागतील?

बियांपासून बरा बुंधा व्हायला दहा-पंधरा वर्षं, आणि त्यातही सुरुवातीची काही वर्षं जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळं वाढवलं तर. कटिंगचंही साधारण तसंच. गुटीने दोन-तीन बोटं जाडीचा भाग उतरवला तर ती सगळी वर्षं वाचतात, पुढे फांद्यांची जाळी व्हायला पाच-सात. म्हणून नर्सरीत गेलात की पानांचा रंग नंतर बघा. आधी खाली वाका, जोडाच्या वर बुंधा कुठे वळतो आणि कुठे त्याला पहिल्या फांद्या फुटतात ते बघा, आणि गुटीची चीर कुठे बसेल ते तिथेच मनात ठरवून मग झाड उचला.